गेमिंग लॅपटॉपची रॅम आणि एसएसडी घरीच वाढवायची असेल तर

पहिल्यांदा मी उघडला तो धाकट्या भावाचा लॅपटॉप. ५१२ जीबीची एसएसडी, ८ जीबी रॅम. विंडोज, कॉलेजची सॉफ्टवेअर आणि दोन मोठे गेम, एवढ्यातच सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली होती. गेम चालू असताना मागे ब्राउझर उघडा राहिला की चित्र अडखळायचं. त्यानंतर मामेबहिणीचा, ऑफिसातल्या दोघांचा, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचा, असे बरेच लॅपटॉप उघडून झाले. दर वेळी एक गोष्ट तीच दिसली. झाकण काढून भाग बसवायला अर्धा तास पुरतो. पैसे वाया जातात आणि डेटा जातो तो त्याआधीच्या घाईमुळे. म्हणून या लेखाचा निम्मा भाग झाकण उघडण्याआधीचा आहे. तो वगळू नका.

१. आत काय आहे ते आधी बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. तिथे रॅमचा वेग, किती स्लॉट वापरात आहेत आणि ‘फॉर्म फॅक्टर’ या तीन गोष्टी दिसतात. फॉर्म फॅक्टरपुढे ‘एसओडिम’ लिहिलं असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असं काही दिसलं तर रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असण्याची शक्यता मोठी. काही पातळ गेमिंग लॅपटॉपमध्ये अर्धी रॅम डकवलेली आणि अर्धी स्लॉटमध्ये असते. तिथे ‘दोनपैकी दोन स्लॉट वापरात’ असं दिसलं तरी प्रत्यक्षात हात लावता येणारा स्लॉट एकच असतो. रॅमच्या नावात ‘एलपीडीडीआर’ असेल आणि ती डकवलेली असेल, तर विषय तिथेच संपला. मग फक्त एसएसडीचा विचार करा.

सीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर टाकून घ्या. त्यात ‘मेमरी’मध्ये रॅमची पिढी, म्हणजे डीडीआर४ की डीडीआर५ हे कळतं आणि ‘एसपीडी’मध्ये प्रत्येक स्लॉटमधल्या पट्टीची माहिती येते. इथे नवखे हमखास गोंधळतात: ३२०० वेगाच्या रॅमची फ्रिक्वेन्सी सीपीयू-झेड १६०० दाखवतं. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, म्हणून तो आकडा दुप्पट करून वाचायचा. तुमची रॅम अर्ध्या वेगाने चालत नाहीये.

एसएसडीचा दुसरा स्लॉट आहे की नाही हे विंडोज सांगत नाही. त्यासाठी तुमच्या नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. लेनोवो, एचपी आणि डेल ही मॅन्युअल आपल्या सपोर्टच्या पानावर ठेवतात, आणि त्यात कुठला स्क्रू कुठे इथपर्यंत चित्रं असतात. मॉडेल नंबर झाकणाच्या मागच्या स्टिकरवरून पूर्ण उतरवून घ्या. एकाच नावाखाली कंपन्या चार प्रकार विकतात. भावाच्या मॉडेलमध्ये मोठ्या बॅटरीच्या प्रकारात जुन्या अडीच इंची डिस्कची जागाच नव्हती आणि छोट्या बॅटरीच्या प्रकारात ती होती.

२. रॅम निवडताना

डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपच्या डीडीआर४ पट्टीला २६० पिना असतात, डीडीआर५ ला २६२. खाच वेगळ्या जागी, व्होल्टेजही वेगळं (१.२ आणि १.१). माझी पहिली खरेदी इथेच फसली. दुकानदाराने “सबमें लगती है” म्हणून पट्टी हातात दिली आणि मी बिल न घेता निघाले. घरी आल्यावर खाच जुळेना. परत घेऊन गेले तर पट्टी परत घेतली नाही. जोर लावून ती बसवायचा प्रयत्न मी केला नाही एवढंच नशीब, नाहीतर स्लॉटही गेला असता. खाच जुळत नसेल तर दाबायचं नाही, थांबायचं.

एकच पट्टी असलेल्या लॅपटॉपमध्ये दुसरी घातली की फक्त आकारमान वाढत नाही. प्रोसेसर दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी बोलू लागतो, त्याला ड्युअल चॅनेल म्हणतात. गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो, विशेषतः प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना, कारण ते ग्राफिक्स ही रॅमच वापरतं. म्हणून १६ जीबी हवी असेल तर १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या.

मात्र ८ जीबी आहे म्हणून त्यात आणखी ८ टाकून थांबावं का? नुसते गेम खेळायचे असतील तर १६ मध्ये आज निभतं. सोबत व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी किंवा अँड्रॉइड स्टुडिओ असेल तर सरळ १६ च्या दोन घ्या. ८ सोबत १६ अशी विषम जोडीही चालते. त्यात ८ आणि ८ एवढा भाग ड्युअल चॅनेलने चालतो आणि उरलेला ८ एकेरी. वेग वेगळे असतील तर दोन्ही पट्ट्या कमी वेगाच्या पट्टीच्या चालीने चालतात.

पट्टीवर ‘१आरएक्स८’ किंवा ‘१आरएक्स१६’ असं काही छापलेलं असतं, त्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. डीडीआर४ च्या ८ जीबी पट्टीत ‘१आरएक्स१६’ म्हणजे चारच मोठ्या चिप्स, आणि त्या गेममध्ये ‘१आरएक्स८’ पेक्षा थोड्या मागे पडतात. स्वस्त पट्ट्या बऱ्याचदा या प्रकारच्या निघतात. मिळत असेल तर ‘एक्स८’ मागून घ्या.

३. एसएसडी निवडताना

आजच्या लॅपटॉपमध्ये एम.२ प्रकारची एसएसडी असते, आणि तिच्या नावातला आकडा म्हणजे तिचं माप. २२८० म्हणजे रुंदी २२ मिलीमीटर, लांबी ८० मिलीमीटर. २२४२ आणि २२३० या आखूड. स्लॉट कितीचा आहे हे मॅन्युअलमध्ये बघा. सर्वसाधारणपणे २२८० लागते, पण दुसरा स्लॉट कधीकधी आखूड असतो.

आकार तोच असला तरी जात वेगळी असू शकते. साटा एम.२ साधारण ५५० एमबी प्रतिसेकंद देते, एनव्हीएमई तिसऱ्या पिढीची ३५०० च्या आसपास आणि चौथ्या पिढीची ७००० पर्यंत. नुसता एनव्हीएमई घेणारा स्लॉट साटा ओळखत नाही, आणि साटाचा स्लॉट एनव्हीएमई ओळखत नाही. पिढीची मात्र अडचण येत नाही. चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालते, फक्त वेग स्लॉटचा मिळतो. त्यामुळे लॅपटॉपचा स्लॉट चौथ्या पिढीचा असताना पाचव्या पिढीच्या एसएसडीला पैसे घालू नका. ती तापते जास्त आणि फायदा काही नाही.

वेगाच्या आकड्यापेक्षा मी दोन गोष्टी बघते. चिप टीएलसी (एका कप्प्यात तीन बिट) आहे की क्यूएलसी (एका कप्प्यात चार), आणि टीबीडब्ल्यू, म्हणजे वॉरंटीत किती टेराबाइट लिहून होईपर्यंत कंपनी जबाबदारी घेते. क्यूएलसी स्वस्त असते, पण मोठा गेम उतरवताना सुरुवातीचा वेग संपला की ती फारच मंदावते. १ टीबीला टीएलसी घ्या, ५ वर्षांची वॉरंटी असलेली. धातूचा जाड हीटसिंक चिकटवलेली एसएसडी डेस्कटॉपसाठी असते, लॅपटॉपचं झाकण तिच्यावर बसत नाही.

१ टीबीच्या जागी विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसेल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत. तुम्हाला कोणी फसवलेलं नाही.

४. खरेदी

इंदूरमध्ये कॉम्प्युटरचे सुटे भाग म्हटलं की आरएनटी मार्गावरचा सिल्व्हर मॉल. बारीक अवजारं, मोबाइल दुरुस्तीचा किट, प्लॅस्टिकची पट्टी हे जेल रोडला. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव झपाट्याने चढले आहेत, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. त्यामुळे मित्राने मागच्या वर्षी सांगितलेला भाव धरून बाजारात जाऊ नका. एकाच दिवशी तीन दुकानांत विचारा, ऑनलाइन भाव सोबत ठेवा, आणि आजच्या आज ठरवा.

दुकानदार विचारेल, “पक्का बिल चाहिए क्या?” हो म्हणा. जीएसटीचे पैसे जास्त जातील, पण वॉरंटीसाठी तोच कागद लागतो आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घेणं तुमच्या हक्काचं आहे. ऑनलाइन मागवलं तर खोका फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा, सीलपासून सीरियल नंबरपर्यंत. एसएसडी लावल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ बघा. नव्या मालात तो आकडा शून्य किंवा अगदी थोडा असायला हवा. शेकड्यात असेल तर वापरलेला माल नवा म्हणून दिलाय, लगेच परत करा.

५. जमवून ठेवायच्या गोष्टी

- फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, पीएच० आणि पीएच०० मापाचे. जेल रोडला ‘पेचकस सेट’ म्हणा, मोबाइलवाला सेट देतील. टोक चांगल्या पोलादाचं हवं, मऊ टोक स्क्रूचं डोकं खाऊन टाकतं.
- प्लॅस्टिकची पातळ पट्टी किंवा गिटारचं पिक. सुरी किंवा चमचा वापरू नका.
- किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, विंडोजसाठी.
- एनव्हीएमईचं यूएसबी एनक्लोजर, म्हणजे एसएसडी बाहेरून यूएसबीला जोडायची डबी. स्लॉट एकच असेल तर हे लागतंच.
- एम२ मापाचा छोटा स्क्रू. रिकाम्या स्लॉटमध्ये तो नसण्याची शक्यता असते, आणि झाकण उघडल्यावरच ते कळतं.
- लॅपटॉपचं बिल, वॉरंटीच्या अटी, नव्या भागांची बिलं, आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची) चावी कागदावर.

वॉरंटीबद्दल एवढंच: बऱ्याच कंपन्या रॅम आणि एसएसडी बदलल्याने वॉरंटी रद्द करत नाहीत, पण बदलताना झालेली मोडतोड त्यात धरत नाहीत. एखाद्या स्क्रूवर सीलचा कागद चिकटवलेला असेल तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करून विचारा. फोनवर नको, उत्तर लेखी हवं.

६. बॅकअप आणि बिटलॉकरची चावी

ही पायरी टाळल्यामुळे एका मैत्रिणीचे तीन वर्षांचे फोटो गेले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विंडोज ११ असलेल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणारी असते. होम आवृत्तीत त्याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात. तुम्ही ते चालू केलेलं नसतं, त्यामुळे ते आहे हेच ठाऊक नसतं. बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) किंवा हार्डवेअरमध्ये बदल झाला की कधीकधी निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डेटा परत मिळवायचा कुठलाही मार्ग नाही. कंपनीकडेही नाही, सिल्व्हर मॉलच्या सर्वांत हुशार माणसाकडेही नाही.

म्हणून आधी सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बघा. चालू असेल तर दुसऱ्या फोनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडून रिकव्हरी की कागदावर उतरवा. लॅपटॉप दुकानदाराने सुरू करून दिला असेल तर अकाउंट कोणाचं हे तपासा. मैत्रिणीच्या लॅपटॉपचं अकाउंट दुकानातल्या कोणाच्या तरी ईमेलवर होतं आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. मी स्वतः एन्क्रिप्शन पूर्ण बंद करते, डिस्क उलगडून होईपर्यंत थांबते आणि मगच पुढे जाते. क्लोनिंग, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवणं, करायचं असेल तर हे कराच.

त्यानंतर फोटो, कागदपत्रं आणि गेमची सेव्ह केलेली फाइल बाहेरच्या डिस्कवर. क्लाउडवर सगळ्याच गेमची सेव्ह जात नाही.

७. झाकण उघडताना

शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करा. नुसतं शट डाउन केलं तर ‘फास्ट स्टार्टअप’मुळे लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. चार्जर काढा. बायोसमध्ये बॅटरी बंद करायचा पर्याय असेल तर तोही वापरा.

माळव्यातला एप्रिल-मे इतका कोरडा असतो की सिंथेटिक कपड्यांतून चटचट आवाज येतो. हीच स्थिर वीज चिपला मारक. सुती कपडे घाला, सतरंजीवर किंवा गादीवर बसू नका, लाकडी टेबल घ्या. मधूनमधून लोखंडी कपाटाच्या रंग नसलेल्या भागाला हात लावा. पंखा बंद ठेवा, स्क्रू उडतात.

स्क्रूंची लांबी सारखी नसते. पुढच्या कडेचे बहुधा आखूड, मागचे लांब. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वर कीबोर्डपर्यंत घुसू शकतो. मी मसाल्याच्या रिकाम्या डब्यातल्या वाट्या घेते आणि प्रत्येक बाजूचे स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवते. काही लॅपटॉपमध्ये एका कोपऱ्यातला स्क्रू पूर्ण निघत नाही, सैल होऊन झाकण थोडं वर उचलतो. तो अडकलेला नाही, त्याची रचनाच तशी आहे. तिथूनच प्लॅस्टिकची पट्टी सरकवायला सुरुवात करा आणि कडेकडेने फिरवा. कट कट आवाज येतील. ते लॉक सुटण्याचे आहेत, तुटण्याचे नव्हेत. झाकण उचलत नसेल तर ओढू नका, कुठेतरी एक स्क्रू राहिलाय, कधी रबरी पायाखालीही असतो.

उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. तारा धरून ओढायचं नाही, प्लॅस्टिकच्या दोन्ही कानांना धरून हलवत काढायचा. मग पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जाईल. बॅटरी न काढता रॅम काढण्याचा मोह होतो. करू नका.

आता आतला एक फोटो काढा. एवीतेवी उघडलंच आहे तर मऊ ब्रशने पंख्यांतली धूळ झटका. पातं बोटाने धरून ठेवा, फुंकरीने ते गरागरा फिरवू नका.

८. बसवताना

रॅमच्या दोन्ही बाजूंना धातूचे चिमटे असतात. ते बाहेर ढकलले की पट्टी स्वतःच तिरकी वर येते. नवी पट्टी साधारण ३०-४० अंशांत तिरकी धरून आत सरकवा. सोनेरी पट्टा जवळजवळ दिसेनासा झाला पाहिजे. मग खाली दाबा, दोन्ही चिमटे टिक्‌ करून लागतात. पुन्हा पुन्हा येणारी ‘रॅम दिसत नाही’ ही तक्रार बहुतेकदा पट्टी अर्धवट सरकवल्याची असते.

एसएसडीही तशीच तिरकी सरकवून खाली दाबायची आणि टोकाला स्क्रू लावायचा. हात आवरून पिळा. खाली निळसर किंवा राखाडी थर्मल पॅड असेल तर त्याची प्लॅस्टिकची फिल्म काढा, पण एसएसडीवरचं कंपनीचं लेबल काढू नका. ते काढलं की वॉरंटी गेली.

९. पहिल्यांदा चालू करताना

बॅटरी जोडा. झाकण नुसतं टेकवा, स्क्रू नंतर. चार्जर लावून सुरू करा.

डीडीआर५ असेल तर पडदा काळाच राहील, पंखे फिरत राहतील. नवी रॅम ओळखायला लॅपटॉपला वेळ लागतो, काही मिनिटंही. ऑफिसातल्या एकाने घाबरून तीनदा बंद केला आणि तीनदा तेच पहिल्यापासून सुरू झालं. दहा मिनिटं घड्याळ लावून थांबा. त्यानंतरही काही नाही, तर बंद करून बॅटरी काढून पट्टी पुन्हा बसवा, मग एकेक पट्टी लावून बघा.

बायोसमध्ये शिरा: असूस, एसर, डेल आणि लेनोवोला एफ२, एचपीला एफ१०, एमएसआयला डिलीट. तिथे रॅमचा आकडा आणि एसएसडीचं नाव दिसलं की स्क्रू लावून घ्या.

१०. विंडोज

दुसरा स्लॉट असेल तर सी ड्राइव्हला हात लावू नका. नवी एसएसडी डिस्क मॅनेजमेंटमध्ये उघडा, ‘जीपीटी’ निवडा, एनटीएफएसने फॉरमॅट करा. झालं. स्टीममध्ये सेटिंग्ज, स्टोरेज इथे नवा ड्राइव्ह जोडून गेम तिकडे हलवता येतात, पुन्हा उतरवावे लागत नाहीत.

स्लॉट एकच असेल तर दोन वाटा. मला कोरं विंडोज आवडतं. मायक्रोसॉफ्टच्या टूलने पेनड्राइव्ह तयार करायचा, परवान्याची चिंता नाही, कारण विंडोजसकट आलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच असते. पण वायफायचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागतं आणि ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडकायला होतं. इंटेलच्या काही लॅपटॉपमध्ये एसएसडीच यादीत दिसत नाही. ती खराब नसते, इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून ‘लोड ड्रायव्हर’ने द्यावा लागतो.

सगळं जसंच्या तसं हवं असेल तर नवी एसएसडी एनक्लोजरमध्ये घालून क्लोन करा. बऱ्याच एसएसडी कंपन्या आपलं सॉफ्टवेअर मोफत देतात, क्लोनझिलाही आहे. क्लोन झाल्यावर जागा वाढलेली दिसत नाही, कारण सी ड्राइव्हच्या पुढे छोटं रिकव्हरी पार्टिशन आडवं येतं. क्लोन करतानाच ते शेवटी सरकवा. आणि पहिल्यांदा सुरू करताना जुनी एसएसडी जोडलेली ठेवू नका, लॅपटॉप कोणत्या विंडोजवर जायचं यात गोंधळतो.

११. तपासून घ्या

रॅमसाठी रात्री मेमटेस्ट८६ लावून झोपा. सकाळी एकही चूक दिसली तरी पट्टी बदलून घ्या, “चालतंय ना” म्हणून ठेवू नका. खराब रॅम हळूहळू फाइली बिघडवते आणि दोष विंडोजला लागतो. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये १६ पैकी १४-१५ जीबीच वापरायला दिसली तर उरलेली ग्राफिक्सने राखून ठेवलेली असते. तासभर गेम खेळून क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचं तापमान बघा, ७० अंशांच्या खाली असलं पाहिजे.

जुनी रॅम त्याच खोक्यात, त्याच्या बिलासकट वॉरंटी संपेपर्यंत ठेवा. लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आली तर आपले भाग काढून जुने लावून द्यायचे. जुनी एसएसडी एनक्लोजरमध्ये घातली की वेगवान बाहेरची डिस्क तयार. पण नवं विंडोज महिनाभर नीट चालल्याशिवाय ती फॉरमॅट करू नका.